तीनशे चाळीस मीटर खालचा दादा

दादाच्या कडीची तार कुठे गेली?

नऊ उन्हाळे मी हा प्रश्न विचारतोय. होडीवाल्या कालेराकला विचारला, त्याच्या बायकोला विचारला, त्याच्या भाचीला तर कितीदा विचारला. उत्तर कुणी दिलं नाही. लोखंडाला बोलता येत नाही असं ही माणसं धरून चालतात, आणि ऐकूही येत नाही असं समजतात. म्हणून माझ्यासमोर वाट्टेल ते बोलतात. फक्त तारेचं नाव काढत नाहीत.

मी पंजा बोलतोय. समुद्राच्या तळाचा चिखल उचलणारा पंजा. दोन पोलादी ओंजळी, त्यांना जोडणारी एक बिजागरी, वर दोन लांब हात. तोंड उघडं राहावं म्हणून हातांच्या मधे एक आकडा. मला दोरीला अडकवून होडीवरून खाली सोडतात. तळाला टेकलो की दोरी सैल पडते आणि आकडा सुटतो. मग वर ओढायला लागले की माझं तोंड मिटतं, आणि तोंडात येईल तेवढा चिखल घेऊन मी वर येतो. एवढंच माझं शिक्षण. शाळा मी पाहिलेली नाही, त्यामुळे गोष्ट सांगताना पुढचं मागे झालं तर सांभाळून घ्या.

माझा जन्म डेन्मार्कमधल्या एका बंदरातला. लोहाराने पोलादाचा एक पत्रा घेतला आणि त्यातून आम्हा दोघांना कापलं. दादा सकाळी झाला. मग लोहार जेवायला गेला, पोटभर जेवला, आणि डोळ्यांवर झापड घेऊन परत आला. तेव्हा मी झालो. माझा आकडा जरासा आखूड राहिला तो त्या जेवणामुळे, असं माझं ठाम मत आहे. दादाच्या हातावर '१' हा अंक ठोकला, माझ्या हातावर '२'. मग एका लाकडी खोक्यात, माझा हात दादाच्या हातावर ठेवून, आम्हाला ग्रीनलँडला धाडलं.

त्या आखूड आकड्याने माझं नाव खराब केलं. खाली जाताना एखादी लाट आली, दोरी क्षणभर सैल पडली, की मला वाटायचं आलाच तळ. खट्कन मिटायचो. तळ अजून शंभर मीटर खाली असायचा, आणि मी तोंडभर स्वच्छ पाणी घेऊन दिमाखात वर यायचो.

"आले, साहेब आले!" कालेराक म्हणायचा. "पाणी आणलंय. बिबी, बाटलीत भरून ठेव गं, पाणी कुठे मिळतंय आपल्याकडे!"

दादाचं असं कधी झालं नाही. तो टेकल्याशिवाय मिटायचा नाही. तो वर आला की कालेराक त्याच्या पाठीवर थाप मारायचा. माझ्या पाठीवरही मारायचा, पण ती वेगळी असायची.

कालेराक होडीचा मालक. आयुष्यभर फियॉर्डमध्ये, म्हणजे डोंगरांमधल्या खोल खाडीत, हॅलिबट मासे पकडलेला माणूस. जुस्टिने त्याची बायको. आणि बिबियाने, म्हणजे बिबी, त्याच्या बहिणीची मुलगी. ती शिकायला राजधानीला, नूकला गेली आणि चिखल मोजायची नोकरी घेऊन परत आली. सगळ्या गावाला वाटलं, पोरीला फसवलं कुणीतरी. दर उन्हाळ्यात ती मामाची होडी घ्यायची आणि गावाखालच्या किनाऱ्यापासून फियॉर्डच्या मध्यापर्यंत पाच जागी आम्हाला खाली सोडायची. वीस मीटर, साठ, एकशे वीस, दोनशे, आणि शेवटची तीनशे चाळीस, तिला पुरेल अशी दोरी मात्र उशिरा मिळाली. प्रत्येक खोलीवर कोण राहतं, किती राहतं, हे तिला पाहिजे होतं.

"मला विचारलं असतंस तर घरबसल्या सांगितलं असतं," मामा म्हणायचा.

"सांग की मग. तीनशे चाळीसवर कोण राहतं?"

"हॅलिबट."

"तो राहतो कुठे, तो हिंडतो. राहतं कोण? तो हिंडतो तिथे खाली चिखलात कोण आहे?"

मामा यावर कॉफी ओतून घ्यायचा.

आता मी बघितलंय ते सांगतो. वीस मीटरवर लग्नघर आहे. उजेड आहे, शेवाळाचे हातभर रुंद पट्टे हलतायत, दगडादगडाला कालवं चिकटलीत, काटेरी चेंडू एकमेकांच्या अंगावर बसून चरतायत. कुणालाही जागा नाही आणि कुणी उठायलाही तयार नाही. एवढा थाट, पण डोक्यावर हिमनग. हिमनदीतून तुटलेला एखादा डोंगर भरतीला येतो, तळ खरवडत जातो, आणि सगळं लग्नघर पुसून टाकतो. पुढच्या उन्हाळ्यात तिथे नवीनच बिऱ्हाडं असतात. बारीक, घाईघाईचे किडे, मिळेल तिथे संसार मांडणारे. माझ्या जातीचे.

साठ मीटरवर हिमनग क्वचित पोचतो. तिथे लांब मानेच्या जाड शिंपल्यांची वस्ती. चिखलात बुडून बसतात, फक्त मान वर. हे शिंपले वालरसला आवडतात, आणि जुस्टिनेला.

चिखल चाळणीवर धुवायचं काम जुस्टिनेचं. ती पाइपने पाणी मारायची, चिखल निघून जायचा, आणि चाळणीत उरलेले जीव बिबियाने एकेक करून बरणीत घालायची.

"बिबी, ह्या शिंपल्या मोजून झाल्या?"

"मामी, हात लावू नकोस. नमुने आहेत ते."

"नमुनेच म्हणतेय मी. उकळल्यावर अजून नमुनेदार लागतात."

"मामी!"

"बरं बाई. पण इतक्या शिंपल्यांतून एक कमी झाली तर तुझ्या नूकच्या साहेबांना काय स्वप्न पडणारे?"

एकशे वीसवर अंधार सुरू होतो. तिथे गोंगाट कमी. बारीक लांब हातांचे तारामासे चिखलावर असे पसरलेले की कुणी दोऱ्याची गुंडाळी सोडून टाकलीय. दोनशेवर नळीत राहणारे किडे. प्रत्येकाचं स्वतंत्र घर, वरून पडेल तो दाणा झेलायचा आणि दार लावून घ्यायचं. जितकं खाली जावं तितकं जेवण कमी, शेजार कमी, घाई कमी. आणि बदलही कमी. वरची बिऱ्हाडं दर वर्षी नवी, खालची तीच. बिबियानेच्या वहीत हे आकड्यांनी लिहिलंय. मला आकडे येत नाहीत, पण तोंडात आलेलं कळतं.

आणि तीनशे चाळीस.

तो दिवस ऑगस्टमधला. जुस्टिनेच्या नातवाचा शाळेचा पहिला दिवस. आमच्याकडे अशा दिवशी घराचं दार उघडं टाकतात आणि सगळं गाव कॉफी-केकला येऊन जातं. बोलवावं लागत नाही. जुस्टिनेने पाच केक करून ठेवले होते आणि तिचं अर्धं मन त्यांच्यावरून माशी उडवत होतं. त्या सकाळी फक्त शेवटची जागा उरली होती. तिथे आम्ही आजवर कधी उतरलो नव्हतो, कारण तेवढी लांब दोरी त्याच उन्हाळ्यात आली होती.

आधी मला सोडलं. मी वाटेतच मिटलो. पाणी.

पुन्हा सोडलं. पुन्हा पाणी.

"ह्याला काढ आणि थोरल्याला लाव," जुस्टिने म्हणाली. "नाहीतर इथेच दुपार होईल. तिकडे लोक माझा केक खाऊन जातील आणि मी इथे चिखल चाळत बसेन."

आम्हाला दोरीला जोडणाऱ्या कडीला पिन फिरवून बसवलेली असते. दोरी थरथरते, आणि थरथरून थरथरून पिन उलटी फिरून निघू शकते. म्हणून पिनच्या भोकातून तार ओवून तिला पीळ घालतात. कालेराकने पक्कडीने माझी तार तोडली, मला सोडवलं, दादाला अडकवलं, पिन बसवली, आणि तारेच्या रिळाकडे हात केला. रीळ रिकामं होतं.

सगळी तार होडीच्या कठड्यावर होती. चार दिवसांपूर्वी कालेराकने ती या खांबापासून त्या खांबापर्यंत ताणली होती आणि तिच्यावर हॅलिबटच्या फोडी वाळत घातल्या होत्या. चार दिवस तिघंही येताजाता त्यातली एकेक फोड तोडून चघळत होती.

कालेराकने तारेकडे पाहिलं.

"मग ते मासे कुठे टांगायचे?" जुस्टिने म्हणाली.

"मामा, एकच तर खेप आहे," बिबियाने म्हणाली.

कालेराकने पिन हाताने अजून एकदा घट्ट केली. दादा खाली गेला.

दोरी वर आली तेव्हा हलकी होती. दोरी गुंडाळणारं विंच एवढ्या मजेत फिरत होतं की मला आधी वाटलं, दादापण पाणी घेऊन येतोय. मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. मग दोरीचं टोक पाण्याबाहेर आलं, आणि त्याला काहीच नव्हतं.

 वारा आला, आणि कठड्यावर हॅलिबटच्या फोडी डोलल्या.

मी दोनदा पाणी आणलं नसतं तर दादा त्या दिवशी खोक्यात बसून राहिला असता. हे कुणी मला म्हणालं नाही. लोखंडाला कोण बोल लावणार? पण मी तारेचं विचारत राहतो ना, ते यासाठी. तार कुठे गेली हे विचारत राहिलं की बाकीचं विचारावं लागत नाही.

पुढे दर उन्हाळ्यात कालेराकने तिथे गळ टाकून तळ विंचरला. हरवलेलं जाळं काढतात तसा. हाती लागला तो एकदा एक बूट, आणि एकदा त्याचाच आधीच्या वर्षी अडकलेला गळ. गावात त्याची फार चेष्टा झाली. दुकानात कुणी चमचा खाली पाडला तरी म्हणायचे, "उचल रे लवकर, कालेराकचा व्हायचा."

माझ्या कडीला मात्र तो तेव्हापासून तीन वेढे घालतो. एक पुरतो. तो तीन घालतो, पक्कडीने दाबतो, मग अंगठ्याने चाचपतो. त्याच्या बाजूने तेवढंच काय ते उत्तर. आणि होडीवर मासे वाळवणं त्याने बंद केलं. जुस्टिने म्हणाली, "आता तुझे मासे वाळवायला मी नूकला जाऊ का?" आणि घरामागे दोरी बांधून दिली.

माझा आकडा त्याने कानशीने घासून नीट केला. मी तीनशे चाळीसला पोचायला लागलो. खाली जाऊन मी काय आणायचो? मऊ, करडा, लोण्यासारखा चिखल. त्यात दोनचार केसाएवढे किडे, नखाएवढी पातळ शिंपली, आणि चिखल खाऊन पोट फुगलेला एखादा तारामासा, तोही झोपल्यासारखा.

"एवढ्या खोल जाऊन हे?" कालेराक म्हणायचा. "कुणीच राहत नाही तिथे."

"तसं नाही मामा. चिखलात राहणारे राहतात. पण बघ ना, समुद्रफुलं, स्पंज, मऊ पोवळी, यांना पाय रोवायला काहीतरी कडक लागतं. दगड लागतो. हिमनदीने तिथे नुसता गाळ आणून ओतलाय. दगडच नाही, तर ते बसणार कुठे?"

"म्हणजे कुणीच नाही. तेच म्हणतोय मी."

प्रत्येक खेपेला मी हे ऐकायचो. कुणीच नाही. मला दादा आठवायचा, माझा हात त्याच्या हातावर, खोक्यातला. आणि मला एकच हवं होतं. एकदा त्याच्याजवळ टेकायचं, त्याचा हात तोंडात धरायचा आणि वर यायचं. दुसरं काही नाही. मग मला भंगारात टाका.

दादा गेल्यापासूनच्या नवव्या उन्हाळ्यात बिबियानेने कॅमेरा आणला. मुठीएवढा, जाड काचेचा, शेजारी दिवा. तो माझ्या वरच्या हाताला बांधला. खाली जाताना तो आपल्या आपण चित्र घेतो, वर आल्यावर होडीत बघायचं.

शेवटच्या जागेवरची तिसरी खेप. तिघं छोट्या पडद्यावर डोकी जोडून बसली होती, हातात कॉफी. चिखल, चिखल, चिखल. मग बिबियानेने एकदम बोट ठेवलं.

"हे काय आहे?"

पडद्याच्या कोपऱ्यात एक हात होता. वाकडा, लांब, पोलादी.

कालेराकने कप खाली ठेवला.  मग उठला, माझ्याजवळ आला, तारेचे तीन वेढे चाचपले, आणि चौथा घातला.

"काढतो त्याला," तो म्हणाला.

"कशाने?" जुस्टिनेने विचारलं.

"धाकट्याने. हात धरला की झालं."

"हा धरणार? हा पाणी नीट धरत नाही."

"धरेल," कालेराक म्हणाला, आणि माझ्या पाठीवर थाप मारली. दादाला मारायचा ती.

त्या दिवशी अकरा खेपा झाल्या. अकरा वेळा चिखल आणला. जुस्टिनेने चाळायचं सोडून दिलं आणि नुसती सूपचं पातेलं घेऊन बसली. बिबियाने म्हणाली, "मामा, तीनशे चाळीस मीटर दोरीच्या टोकाने सुईत दोरा ओवतोयस तू." कालेराक म्हणाला, "एकच खेप," आणि म्हणून झाल्यावर माझी तार पुन्हा एकदा चाचपली.

बाराव्या खेपेला मी वर आलो तो तोंड उघडं ठेवून. आ वासलेला. आत काही नाही, चिखलसुद्धा नाही.

"बघ!" जुस्टिने म्हणाली. "जन्मभर नको तेव्हा मिटला. आणि आज, आज म्हणे मिटायचंच नाही!"

कालेराकने मला लाथ मारली. हळू, पण मारली. मग हातांनी मिटवून पाहिलं. मी मिटेना. बिजागरी कुठेतरी अडकली होती.

"गंज," तो म्हणाला. "संपला हा."

मग कॅमेरा लावला. मी तिथेच पडलो होतो, त्यांच्या पायाशी.

पडद्यावर गाळाचा ढग होता. तो खाली बसला, आणि दादा दिसला. माझ्या दोन ओंजळींच्या बरोबर मधे त्याचा हात. बोटभर इकडे नाही, बोटभर तिकडे नाही.

"अरे देवा," कालेराक म्हणाला. "धरला होता की!"

"थांब मामा," बिबियाने म्हणाली. "मामा, बघ."

दादाच्या त्या हातावर समुद्रफुलं बसली होती. एक मोठं, फिकट, सगळी बोटं पसरलेलं, आणि त्याच्या बाजूला लहान लहान सात. बिजागरीवर मऊ पोवळ्याचं एक बोटभर झाड. उघड्या तोंडात दोन कोळंब्या, माझ्या दिव्याकडे मिशा वळवून बसलेल्या, दारात कोण आलंय ते बघावं तशा. खाली पसरलेल्या लांब हातांचे तारामासे, दादाच्या पायाला टेकून. पडदाभर करड्या चिखलात एवढी एकच वस्ती. मैलभर शेजार नाही, आणि या घरात उभं राहायला जागा नाही.

"दगड नव्हता ना तिथे," बिबियाने म्हणाली.  "आता आहे."

जुस्टिनेने पडद्याजवळ तोंड नेलं. "आणि तू म्हणायचास कुणीच राहत नाही. बघ म्हाताऱ्या, भाडेकरू केवढे भरलेत."

कालेराकने पडद्याकडे पाहिलं, पाण्याकडे पाहिलं, आणि मग त्याने विंच बंद केलं. खिशातून वाळलेल्या हॅलिबटची एक फोड काढली, तीन तुकडे केले आणि दोघींना दिले. कुणी तारेबद्दल काही बोललं नाही. पण नऊ वर्षांत तिघांनी एकत्र बसून वाळका मासा होडीवर पहिल्यांदाच खाल्ला. मी त्यावर समाधान मानलंय. मी काही फार मोठी मागणी करणारा नाही.

आता मी त्यांच्या घराच्या भिंतीला टेकून असतो, आ वासून. कुत्रीची पिल्लं माझ्या तोंडात झोपतात. बिबियाने दुसऱ्या, नव्या पंजाबरोबर जाते, तो चकचकीत आहे आणि फार बोलतो. जाताना ती माझ्या हातावरच्या '२' या अंकावर टिचकी मारते. तुम्हाला एवढंच सांगायचंय की कुणालाही दोरीच्या भरवशावर खाली सोडताना आधी तार बांधा. केक थांबतो, मासेही थांबतात.

आणि एक राहिलं. कॅमेऱ्यात सगळं दिसलं, पण एक गोष्ट दिसली नाही.

गंज नव्हता तो. मी टेकलो, आणि आकडा सुटला होता. वेळेवर, बरोबर, दादासारखा. दादाचा हात माझ्या तोंडात होता आणि वर दोरी ताणली जात होती. आयुष्यात पहिल्यांदा मी मिटायला पाहिजे होतं. दादा एवढ्या जवळ होता की खोक्यातला वास आठवला. मग गाळ खाली बसला आणि मला ते मोठं फूल दिसलं, आणि त्याच्या बाजूची सात. माझ्या दातांच्या बरोबर मधे. ती घाबरली नव्हती. दादाच्या अंगावर बसून घाबरायची त्यांना सवयच नव्हती.

दोरीने ओढलं. मी बिजागरी वाकडी होईपर्यंत आवळून धरली. तिच्यातून एक आवाज आला, आणि ती तिथेच कायमची अडकली. मी तोंड उघडं ठेवूनच त्यांच्यावरून वर उचलला गेलो. एकाही फुलाला धक्का लागला नाही.

येतो दादा, म्हणालो, आणि मिटलो नाही.